छत्रावरचं पातं

कन्नड मुलखातल्या आमच्या आनेकलात मंगल कार्यालयाला छत्र म्हणतात. मराठी समाजाच्या छत्राच्या किल्ल्या पूर्वीपासून आमच्या घरी, कारण भिंतीला भिंत लागून. लग्न असो, बारसं असो, लोक आधी आमच्या दारात यायचे आणि आई त्यांना चहा पाजल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. छत्राच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा आणि खांबावर एक लहानशी पवनचक्की बसली, तेव्हा तिच्या पेटीची किल्लीही आपसूक आमच्याकडे आली. त्या पेटीशी मी काय केलं, ते बरीच वर्षं कुणाला बोललो नाही. तसा मी कशाबद्दलच फारसं बोलत नाही.

पवनचक्की हा मास्तरांचा हट्ट. शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर घरोघर जाऊन सांगायचे, "आषाढात ढग आले की ऊन रजेवर जातं आणि वारा कामावर येतो. दोघांनाही ठेवून घ्या." आधी छत्र, मग शाळा, मग तळ्याच्या बांधावर चक्क्यांची रांग, असं त्यांचं स्वप्न होतं. लोक हसायचे, पण ऐकायचे.

चक्की फिरू लागली. खांब आमच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळच्या उन्हात पात्यांची सावली आमच्या दाराच्या पडद्यावरून सरकायची. आईला तेव्हा उजेड आणि सावली एवढंच दिसत होतं.

"कोण आलं रे?"

"कुणी नाही."

"बसा म्हणावं. चहा टाकते."

भिंत चाचपत ती स्वयंपाकघराकडे निघायची. तोवर पुन्हा सावली. "अगं बाई, आणखी कोण आलं?" मी हाताला धरून तिला बसवायचो. सावली म्हणजे चक्की, हे कितीदा सांगितलं. ती सरी, म्हणजे बरं, म्हणायची आणि पाच मिनिटांत विसरायची. मग रुसायची. "गेले ना? तू तोंड उघडलं नसशील. आता या घरात कोण येईल!"

माझी बोम्मसंद्र्याला कारखान्यात सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ सगळी तिच्याजवळ. रोज तिला कुणी नाही, कुणी नाही म्हणणं मला झेपेना. एका सकाळी पेटी उघडली आणि चक्की थांबवायचं बटण दाबलं. पाती जागच्या जागी डुलत राहिली. आई शांत बसली. सुरुवातीला दुपारी कामावर निघताना आठवणीने बटण सोडायचो. मग तेही राहू लागलं.

मीटरवर सोलरची वीज दिसायची, वाऱ्याची जवळजवळ नाहीच. मास्तर गच्चीवर जाऊन नारळाच्या झावळ्यांकडे बघायचे, मग पात्यांकडे. "झाडं हलतात. हे का हलत नाही?" मला विचारायचे. मी मान हलवायचो. चक्कीच्या कंपनीचा माणूस तपासायला येणार म्हणून कळलं, त्या दिवशी मी आधीच बटण सोडून ठेवलं. नेमकी त्या दुपारी हवा पडलेली. तो म्हणाला, मशीन ठीक आहे, वाराच स्वल्प. समाजाच्या बैठकीत एकाने टोला मारला, "मास्तर, वारं आनेकलात नाही, तुमच्या बोलण्यात आहे." सगळे हसले. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन मी मागे बसलो होतो. हसलो नाही, एवढंच. मास्तर म्हणाले, "माझा अंदाज चुकला." खांब उतरवला. तळ्याच्या बांधाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आई गेली. खांब छत्रामागे आडवा पडून होता, आचारी त्यावर फडकी वाळत घालायचे. मास्तर वाऱ्याबद्दल बोलायचे थांबले. शिकवलेली गोष्टच खोटी निघाली असं तोंड करून रस्त्याने जायचे. त्यांना येताना पाहिलं की मी गल्ली बदलायचो.

यंदा आषाढात ओळीने ढगाळ दिवस आले. छत्राची बॅटरी उतरली. बाहेर वारा असा, की मांडवाचं कापड धरायला माणसं लागली. त्या दुपारी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. कंपनीच्या माणसाचंही.

ते उठून दारातून हलणाऱ्या झाडांकडे बघून आले. मग आत ओरडले, "अगं, ऐकलंस का? वारं होतं!"

"मग आता काय, पेढे वाटू?" आतून काकू.

"मी चुकलो नव्हतो," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्यांनी विचारलं, "आणि आई काय म्हणायच्या?"

"बसा म्हणावं. चहा टाकते."

"पातं माझं. म्हणजे रोज मीच येत होतो की रे! आणि तू एकदाही चहाला विचारलं नाहीस." मग आवाज कडक झाला, वर्गातला. "बैठकीत उभं राहून सांगायचं. तू. मी तोंड उघडणार नाही."

मी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, घाम पुसत. टोला मारणारे गृहस्थ खाली बघत म्हणाले, "मास्तर, खांब कधी उभा करायचा?"

तो जुन्याच जागी उभा आहे. बांधाचं पुढे बघू म्हणतात. ऊन असलं की सकाळी सावली पडद्यावर येते, आणि तिच्या मागोमाग बऱ्याचदा मास्तर येतात. पेटी तपासायला, असं म्हणतात. मी चहा आधीच टाकलेला असतो.