बेलडोहला कोणी मुलगी देत नव्हतं तेव्हा

एप्रिलमधला रविवार होता. पांढरकवड्याकडचे पाहुणे दादासाठी आमचं घर बघायला बेलडोहला आले होते... आणि सोबत चक्क मुलगीही आली होती.

आमच्याकडे मुलीने स्वतः घर बघायला यायची पद्धत नव्हती. "ऐकेच ना, येतोच म्हणे," तिचे बाबा जरा ओशाळून म्हणाले.

कापसाची ती वाईट वर्षं. एका हंगामात गावातल्या दोघांनी जीव दिला आणि कळंब तालुक्यातलं आमचं एवढंसं गाव पेपरात आलं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या येऊन गेल्या. त्यानंतर दादाची जुळत आलेली सोयरीक मोडली, मग आणखी एक. दादात काही खोट नव्हती हो... गावाचं नाव ऐकलं की समोरचा माणूस विषयच बदलायचा.

आमचं गाव कसं आहे सांगते. सागाच्या टेकडीवरून एक नाला उतरतो. बेलाच्या झाडांखाली त्याचा डोह झालाय, त्यावरून गावाचं नाव. नाल्यापलीकडे काळी जमीन, तिथे कापूस आणि तूर. अलीकडे बरड, म्हणजे खडकाळ माळ, आणि आमची सगळी घरं त्या बरडावर. पाणी खाली, माणसं वर... असं का, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या बाबांनी घसा साफ केला.

"पोरगं चांगलं आहे, घर चांगलं आहे. पण भाऊ, राग नका मानू... हे गाव राहीन का?"

आमचे बाबा रिकाम्या कपबशा गोळा करू लागले. दादा खाली बघत बसला. मला राग आला, पण मी तरी काय सांगणार होते? मी यवतमाळला कॉलेजात होते, आणि परत इथे राहायला यायचं नाही हे मनात कधीच पक्कं केलं होतं.

मग मुलगीच बोलली. "ते खाली नाल्यापाशी चौथरे दिसून राह्यले... ते कायचे आहे?"

बेबीआत्या, बाबांची मोठी बहीण, दाराशी बसली होती. ती उठली. "जुनं गाव आहे ते. चाल, दाखवतो तुले." कोणी काही म्हणायच्या आत दोघी अंगण उतरल्याही. मी चपला शोधत मागून पळाले.

खाली घरांचे पाये आहेत, गवतात बुडालेले. फुटक्या जात्याचा अर्धा दगड, बुजलेली विहीर, आणि शेंदूर लावलेला मारोती. लहानपणी आम्ही तिथे बोरं खायला जायचो. त्यापलीकडे मला त्या जागेबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"इथं पटकी आली होती," आत्या सांगू लागली. "असं एक घर नाही राह्यलं का ज्यातलं माणूस गेलं नाही. उरले ते वर बरडावर पळाले. दुसऱ्या गाववाले शिवेच्या आत येऊ देत नव्हते. मग तिथंच तट्ट्याच्या झोपड्या बांधल्या."

"मग?"

"मग काय... कोणी पोरी देईना आपल्या गावात. किती वर्षं लग्न म्हणून नाही. झोपडीत पह्यली नवरी आली ते माही आजी."

मुलगी विहिरीच्या कडेला थांबली. "त्या काहून आल्या? भेव नाही वाटलं?"

आत्या हसली. "तिले कोणी विचारलं होतं का वं? बापानं दिली, आली. चार महिने रडे म्हणे. पण मंग माहेराहून नेयाले आले, तर गेली नाही. राह्यली ते तिच्या मनानं राह्यली."

मग आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्यावाली गोष्ट येगळी आहे. तुले विचारून राह्यले लोक. उन्हाळ्यात इथं टँकर येते, कापसाचं काही खरं नाही... खोटं कायले सांगू? पाहून घे, अन् मनात असंल तसं सांग. नाही म्हटलं तरी आमचा राग नाही."

मी मनात म्हटलं, झालं, हेही स्थळ गेलं!

वर आलो तेव्हा सगळे तसेच बसलेले. मुलगी आपल्या बाबांजवळ गेली. "बाबा, गाव राहीन का नाही, हे या लोकायले काय विचारता? इथं कोणी येईन तर गाव राहीन."

दादाने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. आणि तिच्या बाबांनी माझ्या आईकडे आणखी एक चहा मागितला.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. वहिनीसाठी पुढे सगळं सोपं झालं असं नाही. डोक्यावर पाणी आणत तिने काही उन्हाळे काढले, एका वर्षी तर दादा नागपूरला कंपनीत जायला निघाला होता. पण ती आल्यावर, मुलीवाले पुन्हा बेलडोहला येऊ लागले. गावात नवी सून आली की वहिनी तिला खालचं जुनं गाव दाखवायला नेते.

एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी होकार का दिलास? म्हणाली, "आत्यांनी स्वतःहून सगळं खरं सांगितलं. म्हटलं, या घरात आपल्याशी कोणी खोटं बोलणार नाही."

आत्या आता नाही. शेवटच्या आजारात मी तिला विचारलं होतं, त्या पहिल्या नवरीचं नाव काय गं? रुखमा, म्हणाली. पण ते सासरी ठेवलेलं. माहेरचं नाव आत्यालाही माहीत नव्हतं... कोणी कधी विचारलंच नव्हतं.

माझ्या वहिनीचं माहेरचं नाव सुनीता. लग्नात बदलायचं म्हणत होते, आत्याने बदलू दिलं नाही. मी आज हे एवढ्यासाठीच लिहून ठेवतेय... गाव कोणामुळे राहिलं, ते नावानिशी कुठेतरी असावं.