वॉर्ड बायकांचा झाला तेव्हा

आमच्या घरात निवडणूक म्हणजे सण. होळीलासुद्धा एवढी धावपळ नसायची. बाबा पूर्वीपासून लाल बावट्याचे. शहर वसवायचं म्हणून सरकार खाडीकाठच्या जमिनी घ्यायला आलं, तेव्हा बाबा आणि आई दोघंही मोर्चात होते. मी पोटात असताना आई पोलिसांच्या गाडीत बसून तालुक्याला जाऊन आली होती, आणि हे ती कुणालाही, अगदी भाजीवाल्यालासुद्धा सांगायची. पुढे आमचे नेते एका मोठ्या पक्षात गेले. गरिबांचं नाव घेणारा आणि पैसेवाल्यांनाही नाराज न करणारा असा तो पक्ष. सभेत नेते म्हणाले, विचार तेच आहेत, फक्त छत्री मोठी मिळाली. बाबांनी मान डोलावली. आई शेजारणीला म्हणाली, "छत्री मोठी हाय, पन धरलीय कोनी?"

तरी ती कामाला लागलीच. तिला थांबता यायचं नाही. तो गुण म्हणा, खोड म्हणा, माझ्यातही आली. मला आजही एका जागी बसून चहा पिता येत नाही.

नव्वदीच्या मध्याला आमच्याकडे महानगरपालिका आली. ग्रामपंचायत गेली, गावाचा वॉर्ड झाला. कायदाही बदलला होता. तीनातली एक जागा बायकांची. सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. बाबा ही बातमी घेऊन बेलापूरहून अक्षरशः पळत आले. "अगो, वॉर्ड बायकांचा झाला!" आई करंदी सोलत होती. तिने हात धुतले, पदर नीट केला आणि पुन्हा खाली बसली. एवढंच. पण संध्याकाळी ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी होती ते मी बघितलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. बी.कॉम. होऊन सानपाड्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात टायपिंग करायचे. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. आई उभी राहणार, मी फॉर्म भरणार, भाषणं मी लिहून देणार, ती तिच्या मनाला येईल तेच बोलणार. नाही तर दुसरं कोण होतं? पाण्याच्या मोर्चाला हंडे घेऊन बायका कोणी जमवल्या? सभेला आलेल्या माणसांसाठी भाकऱ्या कोणी थापल्या? सगळा गाव म्हणायचा, आता वैनीच.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे. निवडणुकीआधी गावदेवीच्या देवळात बैठक व्हायची. मध्ये नारळ ठेवायचा आणि प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने त्यावर हात ठेवायचा. सगळं गाव एकाच निशाणीला मत देणार, असा तो शब्द. मोडला तर देवीचा कोप होणार, आणि त्याहून वाईट म्हणजे गावकी बोलणं टाकणार. हात ठेवायचे ते पुरुषांनीच. बायकांना मग घरी येऊन सांगायचे, शिक्का कुठे मारायचा ते.

त्या वर्षी बैठकीत आई मध्येच उठून बोलली. "जागा बायांची, मंग नारलावर हात पुरुषांचाच कनाला? आमीपन ठेवनार." म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण कायदाच बदलला होता, त्यांना बोलायला जागा नव्हती. लग्न झालेल्या सगळ्या बायका आल्या. पहिला हात आईचा. मी बाहेर ओट्यावर उभी राहून बघत होते. बिनलग्नाच्या पोरींना गावकीत मोजत नसत, त्यामुळे माझा हात कोणी मागितला नाही. मला रडू येत होतं, खरं सांगते. आनंदाचं.

शब्द काय दिला? पक्ष ज्या बाईला तिकीट देईल तिला गावाचं मत. नाव कोणी विचारलं नाही. नाव विचारायचं असतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नाव समोरच उभं होतं ना, नारळावर हात ठेवून!

चार दिवसांनी तिकीट जाहीर झालं. नव्या शहरातल्या, सेक्टरातल्या एका बिल्डरच्या बायकोला. अर्ध्या गावाचे जमिनींच्या मोबदल्यात सरकारकडून मिळालेले भूखंड याच बिल्डरने स्वस्तात उचललेले. ती बाई आमच्या गावात त्याआधी एकदाच आली होती, हळदीकुंकवाला, आणि गाडीतून उतरताना मासळीच्या वासामुळे नाकाला रुमाल लावलेला. आमच्या तोंडाला पानं पुसली होती, दुसरं काही नाही.

नेते स्वतः घरी आले. पलंगावर बसले, चहा घेतला. "वहिनी, तुमचं काम मोठं आहे. पण शहरात लढायचं तर खर्च असतो. तुम्हाला महिला आघाडीत घेऊ." आईने विचारलं, "मंग कायदा कोनासाठी बदलला?" नेते हसले. त्यांच्याबरोबरचा माणूस पण हसला. मग त्यांनी बॅगेतून त्या बाईचा फॉर्म काढला. सूचक म्हणून गावातला जुना माणूस हवा होता. बाबांच्या हातात पेन दिलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता बाबा पेन फेकून देतील. त्यांनी चष्मा शोधला आणि सही केली.

त्या रात्रीपासून मी बाबांशी भांडायला लागले ती थांबलेच नाही. सकाळी भांडायचे, ऑफिसातून आल्यावर भांडायचे. ते एकच म्हणायचे, "पक्ष म्हणजे शिस्त असते. आपण गेलो तर ते दुसरे येतील." ते दुसरे म्हणजे धर्माच्या नावावर मतं मागणारे. हे खोटं नव्हतं, म्हणून तर मी जास्तच चिडायचे. आई भांडली नाही. ती बाबांना जेवायला वाढायची आणि भिंतीकडे बघून बोलायची.

मी हाफ डे टाकून अपक्ष उमेदवारीचा फॉर्म आणला. माझ्या चांगल्या अक्षरात आईचं नाव लिहिलं. "आय, सही कर. सगळ्या बाया तुलाच मत देतील." तिने फॉर्मची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, "नारलावर पयला हात कोनाचा व्हता?"

"अगं पण त्यांनी फसवलं!"

"त्यांनी फसवला. मी नाय फसवनार. मीच बायांना देवलात नेला. आता मीच सांगू, मोडा म्हनून?"

मी डोकं आपटलं. मत गुप्त असतं, कोणाला कळणार नाही, असंही सांगून बघितलं. आईने नुसती मान हलवली. मग तिनेच वाट काढली. मत दिलं तर त्या निशाणीलाच देणार, असा शब्द होता. मत देणारच, असा शब्द कुठे होता? "मी जानारच नाय," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून एकही मतदान तिने चुकवलं नव्हतं. दरवेळी रांगेत पहिली असायची, नवीन साडी नेसून.

मतदानाच्या दिवशी मला एका जागी बसवेना. घरापासून शाळेपर्यंत मी किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शाळेबाहेर बाबा टेबल टाकून यादीवर खुणा करत बसले होते. बायका यायच्या, विचारायच्या, वैनी कुठे? बाबा म्हणायचे, येतेय. चार वाजता त्यांनी मला बाजूला घेतलं. "आईला आण पोरी. एक तास राहिला." त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

आई उंबऱ्यावर बसली होती. जुनीच साडी. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "मी येत नाय. तू जा. तुझा हात नव्हता नारलावर. आपल्या घरात एकच मत मोकला हाय, तुझा." मग माझा हात धरला आणि सोडेना. "त्यांना देऊ नको. आमी आयुष्य घातला त्यांच्यासाठी. निदान एक मत तरी त्यांना आपल्या घरातून मिलाया नको."

मी गेले. बोटाला शाई लागली, मतपत्रिका मिळाली, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले. तीन नावं. बिल्डरची बायको. दुसरी, त्या धर्मवाल्या पक्षाची. त्या पक्षाच्या पोरांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या बेकरीवाल्याला दुकान बंद करून गावाला पळायला लावलं होतं. तिसरी अपक्ष, जिला कोणी ओळखत नव्हतं. ती बिल्डरनेच उभी केलीय असं लोक म्हणायचे. कोरी टाकायची, असं मी रस्ताभर घोकत आले होते. पण कोरी टाकली आणि ते दुसरे एका मताने आले तर? बाहेर बाबा बसले होते. मागून अधिकारी म्हणाला, "ताई, झालं का?" आणि मी शिक्का मारला. आमच्याच निशाणीवर. बिल्डरच्या बायकोला.

घरी आले तर आई तिथेच. "कोनाला दिलास?"

"कोणालाच नाही. कोरी टाकली."

कित्येक दिवसांनी आई हसली. माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, दुखेल एवढी. "बरा केलास! वाघीन हाय माझी!"

ती बाई निवडून आली. पाच वर्षांत गावात तीनदा आली असेल. बाबांनी हळूहळू पक्षाच्या बैठकांना जाणं सोडलं, मग पेपर वाचणंही. आई मात्र ती गोष्ट सांगत राहिली. उरणच्या मावश्यांना, माझ्या सासरी, मी बाळंतपणाला आले तेव्हा दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला. सगळा गाव वाकला, पण माझ्या पोरीने कोरी टाकली.

मागच्या निवडणुकीला माझ्या मुलीचं पहिलं मत होतं. निघताना ती आजीच्या पाया पडली. आईला आता नीट दिसत नाही. तिने चाचपडत नातीचा हात धरला आणि म्हणाली, "आयशीसारखी हो. कोनाला घाबरू नको." मुलीने माझ्याकडे अभिमानाने बघितलं. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.