चोवीस मण्यांची माळ

मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी गार वारा, दहानंतर चटका देणारं ऊन.

मी नांदेडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. डायरी धरली ती हवामान लिहायला. पण प्रत्येक पान शेवटी आमच्या शिपाईमामांवर घसरतं! आज लातूरला आमच्या केमिस्ट्रीच्या कांबळे मॅडमचा निवड कमिटीपुढं शिकवून दाखवायचा डेमो होता. आठ वर्षं कंत्राटावर, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची कायमची जागा. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

*

मामांनी एकदा ॲसिडच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. "आता कशा शाळेच्या रांगेवानी दिसून राहिल्यात!" आम्ही आठवडाभर नायट्रिक शोधत होतो.

*

डेमोसाठी मॅडमनी दोन बंद माळा केल्या. चोवीस-चोवीस मणी. एक साधी गोल. दुसरीत आधी गाठ घालून मग टोकं जोडलेली. "मणी म्हणजे अणू. फॉर्म्युला तोच, जोडणीही तीच, तरी रेणू दोन, म्हणजे आयसोमर! कापल्याशिवाय एकाचा दुसरा होत नाही."

प्राचार्यांनी दोन्ही मोजल्या. "सेमच हायत की. मग एकच न्या!"

*

कडीत कडी अडकलेले रेणू दाखवायला एकमेकींत अडकवलेल्या बांगड्याही हव्या होत्या. मुखेडच्या बाजारातली कासारीण म्हणाली, "न्हाई बाई. घालणारीनं एक हात वर केला तर दुसरा बी वर जाईल!"

*

आज लातूरला मॅडमसोबत गेलो आणि रिकाम्या वर्गात माळांचा डबा उघडला. दोन्ही माळा साध्या गोल!

मामांना फोन लावला. "हाव, लई गुंता होता. सुटंना, मग कापून नीट जोडला. एक बी मणी सांडू दिला न्हाई!"

दहा मिनिटं उरलेली. तिथंच टेबलावर मी दोरा कापला, गाठ घातली, टोकं बांधली. तेवढ्यात कमिटी आत आली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

"दोन्हींचा फॉर्म्युला एकच," मॅडम म्हणाल्या.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मणी मोजले. "ही चोवीस, ही तेवीस. मॅडम, फॉर्म्युला बदलला की!"

मघाशी मी दोरा कापला तेव्हाच एक मणी घरंगळला असणार!

मॅडमनी स्वतः मोजले. "बरोबर आहे सर. आता हे आयसोमर नाहीत. मणी मिळेपर्यंत मला पुढं शिकवता येणार नाही." आणि त्या सरळ टेबलाखाली! मागोमाग तज्ज्ञ. मग अध्यक्षही, गुडघ्यांवर.

मणी अध्यक्षांच्याच खुर्चीखाली सापडला. मॅडमनी माळ कापली, मणी ओवला, गाठ घालून पुन्हा जोडली. चोवीस आणि चोवीस.

चार वाजता यादी लागली. कांबळे मॅडम, निवड.