सुलाबाईनं धरलेले पाय

म्हसवडकडच्या माळावरचा मेंढपाळ जोतीराम कराडच्या दवाखान्यातून जिता परत आला, म्हणून भावकीनं पेढे खाल्ले. खावा की! पण नुसता श्वास चालतो म्हणून माणूस घरी आला असं होतं व्हय?

न्यूमोनियानं आयसीयूत पडला होता. घशात नळी. ती उपसतो म्हणून हात पलंगाला बांधलेले. तापाच्या भरात त्याला काय काय दिसलं कुणास ठाऊक, पण एक गोष्ट तो मनात घेऊन आला. आपल्याला मेंढरासारखं आडवं पाडलंय, पाय धरलेत, आता कातर मानेला लागणार. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या बायकोला, सुलाबाईला, एवढंच दिसायचं की नवरा आपल्या हातचं पाणी घेत नाही. झोपतो तर पाय पोटाशी ओढून. मेंढरांमागं चालून आला की हेच पाय तिच्या मांडीवर टाकून घोरायचा मेला! डॉक्टर म्हणाले, "होतं असं, निवळेल हळूहळू." दिवाळी गेली, निवळलं काहीच नाही.

"कातरणीला बसला की येईल माणसात," ती मनाशी घोकत राहिली. लग्नापासूनची रीतच होती, मेंढराचे पाय तिनं धरायचे, त्यानं लोकर कातरायची. हिनं धरलेलं मेंढरू तडफडत नाही, असं तोच चारचौघांत मिरवायचा.

मेंढरं ओढ्यात धुतली, वाळली. तिनं पहिलं मेंढरू पाडलं, पाय धरले. जोतीरामानं कातर उचलली, तिच्या हातांकडं बघितलं आणि तो मागं सरकला.

"असंच धरलं हुतंस माजं पाय. त्यांनी हात बांदलं, आन् तू पाय धरलंस. तुजा हात वळकतो मी."

सुलाबाईच्या हातून मेंढरू सुटलं. कारण धरले होते तिनं. हात बांधलेले, तोंडात नळी. शिवायला मोकळे उरले होते ते पायच. ऊब यावी म्हणून गच्च धरून ती रडायची.

"आवं, व्हय, धरलं हुतं. पन लय गार पडलं हुतं वो..."

पुढचं त्याला ऐकूच गेलं नाही. कातर टाकून तो पोरासारखा रडायला लागला.

"न्हाई धरलं, आसं तरी म्हनायचं हुतंस गं."

त्या साली मेंढरं कातरायला भावकीतला अर्जुना आला. पाय धरायला सुलाबाईला कुणी बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही.