मिरचीच्या आडोशाने

आमच्या गल्लीत चैत्रात सगळे खोकतात, आणि त्याला कारण मी असते. मी सावजी मसाला करते. शहरातली काही भोजनालयं वर्षाचा माल माझ्याकडून नेतात. भिवापुरी मिरची गच्चीवर वाळवायची, तेलाचा हात लावून मोठ्या कढईत भाजायची आणि मग कांडायला चक्कीवर न्यायची. भाजायच्या दिवशी समोरची बाई खिडकी आपटून लावते आणि आतून ओरडते, “मारतं का वं आमाले?” मी म्हणते, “मिरचीनं कोणी मरत नाही.” तिला ॲसिडिटी आहे. तिच्या भाजीत मिरचीचं देठसुद्धा पडत नाही. संध्याकाळी तीच माझ्याकडून कढीपत्ता मागून नेते.

लॉकडाऊन लागला तेव्हा मिरची वाळून तयार होती. भोजनालयं बंद, चक्की बंद. नवरा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे, तोही बंद. पोती पलंगाखाली सरकवली आणि त्यावर चादर टाकली. धंद्याचं नंतर बघू म्हटलं. माणसं घरात होती, धान्य होतं. त्या पहिल्या दिवसांत मला भीती वाटली नव्हती. कंटाळा आला होता.

भीती आली ती पत्र्यांबरोबर. आमच्यापासून थोड्याच अंतरावरच्या वस्तीत एका घरी रोगी निघाला आणि तिथल्या गल्लीच्या तोंडाला टिनाचे पत्रे ठोकले गेले. नंतर क्वारंटाईनला नेणारी बस आली आणि आजूबाजूची घरंच्या घरं तिच्यात बसवून नेली. नवऱ्याच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ आला. एक म्हातारी पायऱ्या चढताना पिशवी सोडत नव्हती. नवऱ्याने तो मला दाखवला आणि लगेच मोबाइल उलटा ठेवला, कारण मागे सासरे खोकले.

माझे सासरे विणकर. त्यांचं अख्खं आयुष्य खड्ड्यात पाय सोडून मागावर बसण्यात गेलं. माग विकून पुष्कळ वर्षं झाली, त्या जागेवर आता माझी चूल आहे. पण सुताची तूस छातीत बसली ती बसली. दोन कोरडे ठसके, मग घसा खरवडल्यासारखी एक लांब उबळ आणि शेवटी मागाला एक शिवी, असा त्यांचा खोकला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. घड्याळाचे टोले ऐकू येत नाहीत तसा तो मला ऐकू येईनासा झाला होता.

आता तो सगळ्यांना ऐकू यायला लागला. कोणालाही फोन लावला की बोलण्याआधी मोबाइलमधून खोकला वाजायचा, सरकारी सूचनेचा. तो वाजला की सासूबाई दचकायच्या.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन ठरलं होतं ते रद्द झालं. घरात ते भिंत धरून फिरायचे. परक्या जागी एकटे नेले तर मोरी कुठे, पाणी कुठे, आपली खाट कोणती, काही कळलं नसतं. आणि सोबत कोणाला येऊ देत नाहीत असं सगळे सांगत होते. नेले तर ते तिथेच संपतील, हे आम्ही तिघांनी एकमेकांशी न बोलता ठरवून टाकलं होतं. म्हणून खोकला लपवायचा.

उबळ आली की नवरा टीव्ही मोठा करायचा. सासूबाई गोधडीचा कोपरा त्यांच्या तोंडाशी धरायच्या. मी कुकर चढवायची. गूळ, ज्येष्ठमध, लवंग, जे घरात होतं ते त्यांच्या गालात असायचं. सासरे वैतागायचे.

“काहून तोंड दाबतं? चोर आहो का मी?”

“हळू बोला जी,” सासूबाई म्हणायच्या. “भिंतीले कान आहेत.”

“मंग भिंतीचे कान दाब.”

आणि मग घरोघर विचारणारी सर्वेवाली आली. महापालिकेने पाठवलेली बाई, तोंडाला रुमाल, हातात तापमान बघायचं यंत्र. ती दोन घरं पलीकडे होती आणि सासरे नेमके उबळीत. मी दाराशी गेले. मागून सासूबाईंनी काय केलं ते मला नाकाने कळलं. त्यांनी तवा तापवला होता आणि पलंगाखालच्या पोत्यातून मूठभर मिरच्या काढून कोरड्याच त्यावर टाकल्या होत्या. तेल नाही, काही नाही.

सर्वेवाली आमच्या दारात पोचली तेव्हा घरात सगळेच खोकत होते. नवरा, मी, सासूबाई. सासरेही, पण त्यांचा वेगळा कुठे कळणार? तिने उंबऱ्यात पाय ठेवला आणि तीही खोकायला लागली.

“काय करून राहिले वो तुमी?”

“सून मसाला करते,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “धंदाच आहे तिचा.”

“कोणाले ताप, खोकला?”

“आता तं तुमालेच आहे, बाई.”

ती रुमालाआडून हसली, ‘नाही’ लिहिलं आणि पुढे गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दार लावल्यावर आम्ही चौघेही हसलो. लॉकडाऊन लागल्यापासून घरात पहिल्यांदा.

त्यानंतर सर्वेवाली गल्लीत शिरली की आमचा तवा चढायचा. मला ते पटत नव्हतं असं म्हणणार नाही. उपाय स्वस्त होता आणि चालत होता.

गल्लीला ते कळायला वेळ लागला नाही. आधी टोकाच्या घरातला मुलगा आला, आईने मूठभर मिरच्या मागितल्या म्हणाला. मग मधल्या घरची सून. मी दिल्या. दुकानं अर्धा वेळ उघडी, लोकांकडे तिखट संपलं असेल, असं पहिल्या वेळी वाटलं. पण सर्वेवाली आली त्या सकाळी टोकाच्या घरातून मिरचीचा धूर आला आणि मधल्या घरातूनही. मी दारात उभी राहून नाकाला पदर लावला. मिरच्या कोणाकोणाकडे गेल्या, म्हणजे कोणाच्या घरात खोकला आहे, हे आता अख्ख्या गल्लीत एकट्या मला माहीत होतं.

मग समोरची आली. तीच, देठ न खाणारी. दारापुढच्या ओट्याखालीच उभी राहिली.

“मिरच्या देतं का वं थोड्या?”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता आमच्या दाराच्या कडीकडे बघत होती.

“तुले कायले लागतात?”

“लोणच्याले.”

“लाल मिरचीचं लोणचं?”

“दे ना वं,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. मी दिल्या.

तिचा नवरा भाजीची गाडी चालवतो. लॉकडाऊनमध्येही तो बाजारात जात होता, कारण भाजीला बंदी नव्हती. गल्लीला भाजी तोच आणायचा. आणि आणखी एक गोष्ट तोच आणायचा, ती मला त्या दुपारी मिरच्या देऊन वळले तेव्हा दिसली. आमच्या ओट्यावर, सासऱ्यांच्या बसायच्या जागी, प्लॅस्टिकच्या पन्नीचा एक चुरगळलेला तुकडा पडला होता. खर्ऱ्याची पन्नी.

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून दोन्ही तळव्यांमध्ये घासघासून घोटतात, तो खर्रा. पानठेले बंद झाले तेव्हा या शहरातल्या पुरुषांचं जे झालं ते रोगाने झालं नसतं. कुठूनतरी सामान मिळवून समोरचा घरीच घोटायचा. आणि आमचा ओटा नि त्याचा ओटा इतके जवळ की हात लांबवला तर पोचतो. तो घोटायचा, चिमूट तोंडात टाकायचा आणि तीच पन्नी सासऱ्यांना द्यायचा.

“कधीपासून?” मी सासऱ्यांना विचारलं.

“रोजचंच आहे. काहून?”

“कालही?”

“काल त्यानं घोटला नाही. अंग दुखते म्हणे.”

मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या भरून तशीच उभी राहिले. आतापर्यंत आम्ही एक जुना, निरुपद्रवी खोकला लपवत होतो. आता माझ्या घरात काय होतं, मला माहीत नव्हतं. मी कान देऊन ऐकायला लागले. दोन कोरडे ठसके येतात का? मग लांब उबळ? शिवी? पण आठवडाभर तव्याचा धूर खाऊन त्यांचा खोकला बदलला होता. ठसके पाच-सहा यायचे, उबळ तुटायची, आणि शिवी द्यायला श्वास उरायचा नाही. हा धुराचा की त्या रोगाचा? मी कितीही ऐकलं तरी कळेना. इतक्या वर्षांचा ओळखीचा खोकला आम्ही आमच्याच हाताने अनोळखी करून टाकला होता.

मी नवऱ्याला म्हटलं, उद्या ती आली की खरं सांगायचं.

“वेडी झाली का?” तो म्हणाला. “आपल्याच घरातला माणूस आपणच काढून देतं का?”

सासूबाईंनी तर तवाच उचलून मांडीवर घेतला. “मी आहे तोवर त्यायले कोणी नेत नाही. तू नेऊन देशील, अन् मंग ह्या घरात कोणाले तोंड दाखवशील?”

“आणि घरात ठेवून काही झालं तर?”

“तं घरात होईल.”

तेवढ्यात भिंतीशी बसलेले सासरे बोलले.

“मले कोणी इचारा ना गा. खोकला माहा आहे.”

मी त्यांच्यासमोर बसले. “मामाजी, खरं सांगा. हा मागाचाच आहे का?”

“मागाचा मले ओळखू येते,” ते म्हणाले. “हा येते तवा समजत नाही कोण आला तं.”

सासूबाईंनी तवा खाली ठेवला.

त्या संध्याकाळी मी त्यांची पिशवी भरली. दिसत नाही, पण त्यांची बोटं अजून सुताला ओळखतात. म्हणून त्यांच्या पंच्याच्या कोपऱ्याला एक गाठ मारली, चादरीच्या कोपऱ्याला दोन, आणि पिशवीच्या बंदाला जाड सूत गुंडाळलं. त्यांना हाताने दाखवलं. मग भिंत धरून चालायला लावलं, डावा हात भिंतीला, उजवा पुढे. परकी मोरी शोधायची ती अशी. ते मुकाट्याने चालले. सासूबाई बघत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “पाय उचलून टाका जी.”

सकाळी सर्वेवाली आली. समोरच्या घरातून मिरचीचा धूर येत होता. आमच्या घरातून नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“आज मसाला नाही?”

“नाही. घरात खोकला आहे. म्हातारे आहेत, दिसत नाही. जुना आहे की नवा, मला समजत नाही. तपासा.”

“कोणाच्या संपर्कात आले होते?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी त्याचंच उत्तर टाळत होते. समोरची खिडकी उघडी होती आणि तिच्यात ती उभी होती. मी खालच्या आवाजात म्हटलं, “खर्रा खात होते. पन्नी एकच होती.” कोणाची ते मी सांगितलं नाही. पण ती बाई त्याच शहरातली. तिने धुराकडे बघितलं, आमच्या ओट्याकडे बघितलं, त्या ओट्याकडे बघितलं. खिडकी बंद झाली, पण या वेळी आपटून नाही.

दुपारी एकच गाडी आली आणि तिच्यात दोघे गेले. समोरचा बायकोच्या खांद्याला धरून ओट्यावरून उतरला. त्याची अवस्था बघून मला घरात पळावंसं वाटलं. सासरे पिशवीच्या बंदावरचं सूत चाचपत गाडीपर्यंत गेले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती आणि कोणीही खोकत नव्हतं. सासऱ्यांनीही गाडीत बसेपर्यंत दाबून धरलं. दार लागलं आणि आतून त्यांचा खोकला फुटला, इतक्या दिवसांचा साठलेला. समोरची माझ्याकडे वळली.

“तुह्याच मिरच्या, अन् तूच सांगतलं,” ती म्हणाली.

सासऱ्यांची तपासणी निगेटिव्ह आली. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं, “घरात धूर होतो का? छातीला धूर लागलाय.” मी हो म्हटलं. तरी त्यांना ठेवून घेतलं आणि पुन्हा तपासलं. तेवढे दिवस सासूबाई पंच्याच्या गाठीबद्दलच विचारत राहिल्या, सापडली असेल का त्यांना. समोरच्याची पॉझिटिव्ह आली. तो पुष्कळ नंतर आला, अर्धा होऊन, पण आला. गल्लीला पत्रे लागले ते त्याच्यामुळे की माझ्यामुळे, यावर अजून एकमत नाही.

सासरे परतले तेव्हा पत्रे लागलेलेच होते. गाडीने त्यांना कोपऱ्यावर सोडलं, तिथून ते डावा हात घरांच्या भिंतींना लावत आले. ओट्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली.

“तिथची भाजी कशी होती?” सासूबाईंनी विचारलं. दुसरं काही सुचलं नसावं.

“अळणी,” ते म्हणाले. “दवाखाना कायचा, नुसतं पाणी.”

आणि ते खोकले. दोन कोरडे ठसके, मग घसा खरवडणारी लांब उबळ, मग मागाला शिवी. मी भिंतीला टेकले.

गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. टोकाची, मधली, समोरची. मी आमची उघडीच ठेवली.