काळीची माताय आणि बंद फोडणी

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांची खाट आम्ही समोरच्या खोलीत, माशांच्या टाकीसमोर आणली. ऑपरेशन चांगलं झालं होतं. वॉकर घेऊन रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलंही होतं. पण बाई हलतील तर शपथ! त्या उठायच्या फक्त टाकीतल्या काळ्या गोल्डफिशला दाणे घालायला. काचेवर बांगडी वाजली की ती डोळे वटारून वर यायची. खाट ते टाकी आणि टाकी ते खाट, एवढंच त्यांचं चालणं. त्यामुळे ह्या काळीचं जगणं मला माझ्या जिवाइतकं महत्त्वाचं होतं.

ऐन थंडीत आमच्या ह्यांनी गोंदियाहून दोन नवे मासे आणले आणि पिशवीतल्या पाण्यासकट थेट टाकीत सोडून मोकळे झाले. थोड्याच दिवसांत काळीच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. ती गोट्यांवर अंग घासू लागली, मग कोपऱ्यात जाऊन बसली. बांगडी वाजली तरी येईना.

"माताय आली व हिले," सासूबाई म्हणाल्या.

देवी असो, कांजिण्या असोत, अंगावर पुरळ उठलं की आमच्याकडे माताय आली म्हणतात. मग औषध नाही, घरात फोडणी नाही, आणि जिला आली तिला गारवा द्यायचा. मी मासेवाल्याकडून औषध आणि हीटर आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी आपल्या मुलाकडून, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडून, टाकीत माठाचं गार पाणी ओतून घेतलं आणि वर कडुनिंबाचा डहाळा सोडला. मुलगाही असा आज्ञाधारक की विचारू नका! मी परतले तेव्हा काळी तळाशी आडवी पडली होती.

माझं डोकंच सणकलं. गारव्यानं हा रोग नुसता रेंगाळतो, पाणी हळूहळू कोमट करा, असं मासेवाल्यानं बजावून सांगितलं होतं. मी हीटर लावायला वाकले, तर खाटेवरून आवाज आला.

"मातायले शेकून राह्यली काय व? काहून घरावर बला आणतं?"

"आई, काळी मेली तं तुमी उठान कोणासाठी?"

मला आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं, पण हीटर मी लावलाच. मग तह केला. टाकीबाहेरचं सगळं त्यांचं, निंब दाराला आणि फोडणी बंद. टाकीच्या आतलं सगळं माझं.

"हौ," त्या म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी हवेचा पंप वाढवला, औषध टाकलं, रोज नळीनं तळाची घाण ओढून थोडं पाणी बदललं. आम्ही फिकं वरण गिळत होतो. ह्यांनी तोंड वाकडं केलं की मी म्हणे, "पाहुणे कोणी आणले?"

हळूहळू ठिपके गळाले. "गेली माताय, आता दवा बंद कर," सासूबाई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ठिपका म्हणजे जंतूच, तो अंगावर असेपर्यंत त्याला औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची पिल्लं होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहायला लागली की मगच औषधानं मरतात. मी भांडणाच्या तयारीत होते.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पाहुणी गेली तरी खोली झाडाच लागते." आणि मुलाला दम भरला, "नवी गाय आणली तं आधी येगळी बांधतेत नं? मासाही आधी टबात ठेवायचा, चांगला महिनाभर!"

तळ असा झाडून झाल्यावर एका सकाळी बांगडी वाजली आणि काळी वर आली. डोळे तसेच वटारलेले, अंग काळं कुळकुळीत. मी आनंदानं ओरडलेच. सासूबाई वॉकर धरून उठल्या, त्यांनी दाणे घातले. आता खाटेकडे वळतील म्हणून मी हात पुढे केला.

त्या वळल्या नाहीत. टाकी ओलांडून, दार ओलांडून, वॉकर आपटत थेट स्वयंपाकघरात गेल्या. पडल्यापासून त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"सरक," त्या म्हणाल्या. "माताय गेली. फोडणी मी घालीन."

मोहरी तडतडली. ते वरण खारट झालं होतं, आणि मी दोनदा वाढून घेतलं.