म्हणीत दिलेली साक्ष

याव त्वेनेबोआ आमच्या बेक्वाई गावात गिटारवर गाणी म्हणायचा. हायलाइफवर, म्हणजे आमच्याकडच्या गिटार-ट्रम्पेटच्या नाचगाण्यावर, लोक नाचतात हे खरं, पण नाचता नाचता थांबतात ते म्हणीपाशी. "कोंबडी खाणाऱ्यानं पिसं कुणाची ते विचारू नये" ही त्याच्या गाण्यातली ओळ लोक बाजारात आणि भांडणातसुद्धा एकमेकांना ऐकवत. त्याच्या बँडच्या तारखांची वही माझ्याकडे असे, म्हणून पुढची हकीकत मी जवळून पाहिली.

यावचा मामा कोफी अम्पोन्सा सुतार होता. त्यानं बायकोच्या, सर्वाच्या, मदतीनं घर बांधलं. तो भिंती उभ्या करी आणि सर्वा डोक्यावरून वाळू-पाणी वाही. पण आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. तो गेला की घर बायकामुलांना मिळत नाही, भाच्याला जातं. बायकामुलांना वाटा देणारा आजचा कायदाही तेव्हा नव्हता. म्हणून एका पहाटे मामानं यावला आणि शेजारच्या बाडू गवंड्याला बोलावलं आणि दोघांसमोर घर सर्वाला देऊन टाकलं. सर्वानं जिनची बाटली आणून आभाराचा एकेक पेला दोघांना दिला आणि ते प्याले. देणं पक्कं होतं ते या पेल्यानंच. ज्यानं तो घेतला, त्यानं वेळ आली की उभं राहून सांगायचं असतं.

दोन वर्षांनी बाडू वारला, आणि त्यानंतर मामाही गेला.

शुक्रवारी शवागारातून मामाचं प्रेत घरी आणलं आणि कुळाची बैठक बसली. कुळाचे प्रमुख नाना ड्वोमो यांनी सर्वाला विचारलं की घर तुला दिलं म्हणतेस, तर पेला कुणी घेतला? सर्वा म्हणाली, बाडूनं आणि यावनं. सगळे यावकडे वळले. वारस म्हणून त्याचंच नाव ठरल्यासारखं होतं. मामाचं कुळातलं मानाचं आसन, कोकोचा मळा, घर, सगळं त्याच्याकडे येणार होतं. शिवाय घर कुळाबाहेर जाऊ देणारा भाचा कुळाला चालणार नव्हता. याव जमिनीकडे बघत म्हणाला, "नाना, मामा अजून घरात झोपलेत. मला आज बोलायला लावू नका." नानांनी रविवारपर्यंत मुदत दिली.

त्याला खोटंही बोलायचं नव्हतं आणि खरंही. तेव्हा त्यानं आयुष्यभर केलं तेच केलं. गाणं रचलं.

आमच्यात मयताला गाणं-नाचणं असतंच; शनिवारी मामाच्या मयताच्या मांडवात शोकाचे लाल-काळे कपडे घातलेली माणसं खचाखच बसली होती. यावनं नवं गाणं धरलं. "पाहुणा म्हणतो, मी पाणीच प्यालो, पण ओठांचा वास पाहुण्याआधी घरी पोचतो." दुसऱ्या कडव्यात पाहुण्याचा यजमान मरतो आणि रिकामा पेला दारोदार आपल्या धन्याला शोधत फिरतो. गाणं चांगलंच होतं, त्याच्या चांगल्या चार-पाच गाण्यांत मी ते धरीन. माना डोलू लागल्या. एका लाकूडवाल्याला वाटलं की हे आपल्या भागीदारावर आहे, आणि तो मोठ्यानं हसला. एका ड्रायव्हरच्या दोघी बायका एकमेकींकडे डोळे वटारून बघू लागल्या. शेवटी खुद्द नाना ड्वोमो उठले, नाचत पुढे आले आणि शाबासकीची दोन बोटं त्यांनी यावच्या डोक्यावर धरली.

गाणं संपल्यावर याव माझ्याशेजारी येऊन बसला. चेहऱ्यावरचा घाम पुसत म्हणाला, "सांगून टाकलं एकदाचं."

तेवढ्यात सर्वा आली. कपाळाला विधवेची लाल पट्टी होती.

"छान गायलास," ती म्हणाली. "माझ्या मुलीसुद्धा नाचल्या."

"मामी, मी सगळं सांगितलं."

"कुणाला?"

"शहाण्याला म्हण पुरते, असं थोर माणसंच सांगून गेलीत."

"मग या मांडवात शहाणा एकटा तूच. आम्ही बाकीचे मूर्ख आहोत बाबा. मूर्खांना सरळ सांगावं लागतं."

याव बराच वेळ गिटारच्या तारा पुसत राहिला. मग म्हणाला, "सरळ बोललो तर कुळात मला बसायला जागा राहणार नाही."

"आणि मला कुठे राहतेय?" एवढंच बोलून ती बायकांत जाऊन बसली.

रविवारी चर्चनंतर बैठक पुन्हा बसली. याव गिटार न घेता आला, काखेत जिनची बाटली होती. ती त्यानं रीतीप्रमाणे प्रमुखांच्या मुखत्याराच्या हाती दिली, मान राखायला खांद्यावरचं कापड खाली घेतलं आणि उभा राहिला.

"दुसरा पेला माझा होता. मी तो प्यालो. घर मामीचं आहे."

नाना ड्वोमो म्हणाले, "मग आधीच का नाही बोललास?"

"काल बोललो, नाना. तुम्ही माझ्या डोक्यावर बोटं धरलीत."

कुणीतरी खोकलं. नाना म्हणाले की गाणं म्हणजे साक्ष नव्हे. "म्हणूनच आज आलोय," याव म्हणाला.

साक्ष मोडता येण्यासारखी नव्हती. घर सर्वाकडे राहिलं. आसन आणि मळा यावच्या मावसभावाला मिळाला. त्यानंतर कुळाच्या बैठकीचं बोलावणं यावला कधी आलं नाही, आणि माझ्या वहीत बेक्वाईतल्या तारखा कमी होत गेल्या.

त्याची एक नवी खोड मात्र आम्हाला जाचू लागली. गाणं संपलं की तो वाद्यं थांबवायचा आणि गाण्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगायचा. ट्रम्पेटवाला कुरकुरायचा की यानं नाचाचा रंग जातो. मलाही तेव्हा वाटे की हा आपलीच गाणी बिघडवतोय. मी त्याला तसं बोललोही. तो म्हणाला, "बिघडू देत. कुणी डोक्यावर बोटं धरण्याआधी त्यांना कळायला हवं."

याव गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. आमच्यात बापाची शवपेटी मुलांनी आणायची असते. यावला मूल नव्हतं. कुळाची माणसं पेटी कुणी आणायची याचा विचार करत बसली होती, तेवढ्यात सर्वाचा थोरला मुलगा तिघांच्या मदतीनं पेटी घेऊन आला. बापासारखा तोही सुतारच. पेटी त्यानं त्याच घराच्या अंगणात केली होती, आणि भुसा अजून त्याच्या केसांत होता.